नाशिकमध्ये मधुमेहाच्या औषध-व्यवसायात शिरताना

बी.फार्म. झालेल्या उमेदवाराने सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडे अर्ज करण्यापूर्वी उत्पादन, गुणवत्ता नियंत्रण की विक्री, हे आधी ठरवावे. विक्रीकडे जायचे असल्यास औषधांचे कार्य नीट समजून घ्यावे: मेटफॉर्मिन यकृतातील साखरनिर्मिती घटवते, तर ग्लिफ्लोझिन गटातील औषधांमुळे जादा साखर लघवीवाटे बाहेर पडते. सिटाग्लिप्टिन या मधुमेहावरील आणखी एका औषधाचे भारतातील पेटंट २०२२ मध्ये संपल्यावर अनेक कंपन्यांनी तेच औषध स्वस्तात आणले. त्यामुळे डॉक्टरांनी तुमचाच ब्रँड का लिहावा, हा प्रश्न मुलाखतीत गृहीतच धरावा (आणि ‘स्वस्त आहे’ एवढे उत्तर पुरत नाही). गुणवत्ता विभागासाठी मात्र एचपीएलसी यंत्रावर (औषधातील घटक वेगळे करून मोजणारे यंत्र) बसलेला हात आणि नोंदी त्याच क्षणी लिहिण्याची शिस्त या गोष्टी, माझ्या मते, गुणपत्रिकेपेक्षा मोलाच्या ठरतात.