बालाघाटात एकट्याने: कच्च्या वाटेची आणि माळावरच्या मुक्कामाची तयारी

एकट्याने गाडी घेऊन कच्च्या वाटेने डोंगर चढायचा आणि रात्र माळावर काढायची, एवढ्यासाठी मराठवाड्यातल्या माणसाने लडाखला किंवा जैसलमेरला जाण्याची गरज नाही. बीड, धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांतून गेलेली बालाघाटाची रांग आपल्या दारात आहे. माथ्यावर पर्जन्यछायेतले कोरडे खडकाळ पठार, उतारावर मुरमाच्या वाटा आणि पायथ्याला काळ्या जमिनीची वावरे, अशी तीन प्रकारची जमीन इथे एकाच दिवसात चाकाखाली येते. पुढे कधीतरी थारच्या वाळूत एकट्याने जायचे ज्यांच्या मनात आहे, त्यांनीही पहिला सराव इथेच करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन गाड्या बरोबर असल्या की एक अडकते आणि दुसरी तिला ओढून काढते. एकट्या माणसामागे ओढणारे कोणी नसते. त्यामुळे अडकलेली गाडी सोडवण्याचे कौशल्य त्याच्यासाठी दुय्यम असते आणि गाडी अडकू न देण्याचे कौशल्य मुख्य असते. खालच्या सगळ्या सूचना याच हिशेबाने लिहिल्या आहेत.

महिना आणि वाट ठरवणे

नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. परतीच्या पावसाची ओल तोपर्यंत जमिनीतून उतरलेली असते आणि ऊनही सोसण्याजोगे असते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे जातो, आणि अशा उन्हात तासभर फावडे चालवणे जिवावर बेतू शकते.

पहिल्या खेपेला वाट लहान ठेवावी. मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जावे, गवळवाडीच्या परिसरातला मांजरेचा उगम पाहावा आणि सौताड्याच्या धबधब्यापर्यंत जाऊन परतावे. पाण्याची धार हिवाळ्यात बारीक झालेली असली तरी तिथली खोल दरी पाहण्यासारखी आहे. दोन दिवस आणि एक मुक्काम याला पुरेसा होतो. कागदावर वाट आखताना प्रत्येक टप्प्याजवळ सर्वांत जवळचा डांबरी रस्ता कोणत्या दिशेला आणि किती किलोमीटरवर आहे हे लिहून ठेवावे, कारण गाडी बंद पडल्यास तेवढे अंतर आपल्याला चालत जायचे असते. नायगावचे मयूर अभयारण्य याच पाटोदा तालुक्यात आहे. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणे आणि मुक्काम करणे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याविरुद्ध आहे, तेव्हा आपली वाट त्याच्या हद्दीबाहेरून न्यावी.

हा कागद घरच्या एका माणसाकडे आणि एका मित्राकडे द्यावा. फोन किती वाजता येईल आणि तो आला नाही तर कोणत्या वेळेनंतर शोध सुरू करायचा, हेही त्यावर स्पष्ट लिहावे. पठाराच्या कडेला बहुधा मोबाइलची रेंज मिळते आणि दरीत उतरले की ती जाते, म्हणून उतरण्यापूर्वी संदेश पाठवावा. पोलिसांच्या मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत. उपग्रह फोन मात्र सरकारी परवानगीशिवाय आपल्या देशात बाळगता येत नाही.

एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या अनेक गावांतली आणि तांड्यांवरची धडधाकट माणसे ऊसतोडीला गेलेली असतात. हिवाळ्यात मागे म्हातारी माणसे आणि मुले राहतात. मदतीला दहा हात धावून येतील हे गृहीत धरू नये, आणि आले तरी त्या हातांवर आपल्या हौसेचा भार किती टाकायचा याचा विचार करावा.

गाडी आणि सामान

चारही चाकांना ताकद देणारी आणि लो रेंज, म्हणजे कमी वेगात जास्त ओढ देणारे गिअर, असलेली गाडी असावी. फावडे, चाकाखाली टाकायच्या खाचा असलेल्या दोन पट्ट्या, जॅक आणि त्याखाली ठेवायला दीड-दोन फुटांची जाड फळी, हवा भरायचा कॉम्प्रेसर, हवा मोजायचे मीटर, ट्यूबलेस पंक्चरचे सामान आणि चांगल्या स्थितीतली स्टेपनी हे सगळे लागतेच. विंच, म्हणजे दोर गुंडाळत गाडी ओढून काढणारे यंत्र, असल्यास उत्तम. परंतु ती बांधायला माळावर झाड सापडत नाही. अशा वेळी स्टेपनी जमिनीत खोल पुरून तिला दोर बांधता येतो. हे काम करायला दीड-दोन तास लागतात, म्हणून निघण्यापूर्वी एकदा स्वतः करून पाहावे.

पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी दर दिवशी ६ लिटर पाणी धरावे आणि मुक्काम एक असला तरी तीन दिवसांचे पाणी घ्यावे. ते एकाच कॅनमध्ये न ठेवता दोन-तीन कॅनमध्ये विभागावे, कारण एका कॅनला चीर गेली तरी बाकीचे पाणी शिल्लक राहते.

चढ आणि उतार

डांबरी रस्ता सोडताच टायरची हवा कमी करावी. रस्त्यावर ३२ ते ३५ पीएसआय असलेली हवा मुरमावर २५च्या आसपास आणली की पकड वाढते आणि धक्के कमी बसतात. त्याहून खाली जाऊ नये. बालाघाटातला काळा दगड धारेचा असतो आणि हवा फार उतरवलेल्या टायरचा गाल, म्हणजे बाजूची भिंत, बाहेर फुगून त्या धारेवर फाटतो. गालाचे पंक्चर वाटेत निघत नाही. थारच्या मऊ वाळूत हवा १५ ते १८पर्यंत उतरवावी लागते, कारण तिथे धारेचे दगड नसतात आणि टायर पसरणे गरजेचे असते.

प्रत्येक अवघड चढ आधी पायी चढून पाहावा. चढताना लो रेंजचा पहिला किंवा दुसरा गिअर घ्यावा, स्टिअरिंग धरताना अंगठे आत अडकवू नयेत आणि अर्ध्यात गाडी थांबली तर ती कधीही आडवी वळवू नये. ब्रेक दाबून धरावा, रिव्हर्स गिअर टाकावा आणि ज्या वाटेने चढलो त्याच वाटेने सरळ खाली यावे. उतरतानाही पहिल्याच गिअरमध्ये इंजिनाच्या आधाराने उतरावे; न्यूट्रलमध्ये उतरणे हा अपघाताला दिलेला निमंत्रणाचा विडा आहे. कोरड्या नदीपात्रात मात्र गाडी घालूच नये, कारण वाळूउपशाचे खड्डे वरून दिसत नाहीत.

काळी माती

मराठवाड्यात डोंगरापेक्षा मला भीती वाटते ती काळ्या मातीची. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. कोरडी असताना तिच्यावरून बैलगाडी काय, ट्रकही जातो. पण पावसाची एक चांगली सर आली की अर्ध्या तासात तीच माती चाकाला धरू लागते, टायरच्या खाचा भरून चाक गुळगुळीत होते आणि मडगार्डखाली लगदा दाटून चाक फिरायचेच थांबते. तिथे चारही चाकांची ताकद उपयोगाला येत नाही.

आष्टी तालुक्यातल्या एका पांदणीत फेब्रुवारीच्या अवकाळी पावसात माझी गाडी अशीच रुतली. मी आणखी दोनदा रेस दिली आणि मागचे चाक एक्सलपर्यंत खाली गेले. शेजारच्या वस्तीवरून एक वृद्ध शेतकरी डोक्यावर पोते घेऊन आले. त्यांनी काठी मातीत खुपसली, बाहेर काढून तिला चिकटलेला गोळा बोटांनी दाबून पाहिला आणि म्हणाले, "पाहुणं, आता गाडीला हात लावू नका. वाफसा येऊ द्या, मग काढू." वाफसा म्हणजे जास्तीची ओल उतरून माती कामाजोगी होणे. रात्र त्यांच्या ओसरीवर गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी वरची पपडी वाळल्यावर आम्ही चाकापुढची माती फावड्याने उतरती केली, टायर २०पर्यंत उतरवले, चाकाखाली कडब्याच्या पेंढ्या अंथरल्या आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये हळूच निघाली. कडब्याचे पैसे घ्यायला ते तयार नव्हते. चारा महाग असताना ते द्यायलाच हवेत म्हणून मी आग्रहाने दिले.

आकाश भरून आले की पुढे जायचे की नाही याचा विचार करत बसू नये. पांदण सोडावी, मुरमाड बरडावर गाडी न्यावी आणि तिथेच थांबावे.

मुक्काम

सूर्यास्तापूर्वी किमान दीड तास जागा निवडावी. ओढ्याच्या पात्रात आणि पात्राच्या काठाला तंबू लावू नये. उभ्या ज्वारीच्या बांधावरही नको. जमीन कोणाची आहे हे विचारून घ्यावे. गायरान असले तरी पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना कल्पना द्यावी, म्हणजे रात्री दिवा दिसल्यावर गाव धास्तावत नाही.

गाडी उघड्या मुरमावरच उभी करावी. हिवाळ्यात माळावरचे कुसळी गवत कोरडे ठणठणीत असते आणि तापलेल्या सायलेन्सरखाली ते पेट घेऊ शकते. शेकोटीपेक्षा गॅसची शेगडी बरी, आणि तीही तंबूच्या बाहेरच पेटवावी. बंद तंबूत किंवा गाडीत शेगडी वा कोळसा जळत ठेवून झोपल्याने जीव जातो.

दगड हाताने उचलू नये, कारण फुरसे आणि विंचू त्याखालीच असतात. बूट रात्री तंबूच्या आत ठेवावेत आणि सकाळी झटकून घालावेत. लाल विंचवाचा दंश घरगुती उपायांवर सोडू नये. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला काम करताना या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून असंख्य जीव वाचवले, आणि ते वेळेत मिळण्यासाठी रुग्णालय गाठणेच आवश्यक आहे. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, आवळून बांधू नये, तो अवयव स्थिर ठेवावा आणि १०८ला फोन करावा. सर्वांत जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचे नाव वाटेच्या कागदावर आधीच लिहिलेले असावे.

सकाळी निघताना राखेवर पाणी ओतावे आणि कचरा गाडीत भरून घ्यावा. डांबरी रस्ता लागताच फोर-व्हील ड्राइव्ह बंद करावा, टायरमध्ये पुन्हा ३२ हवा भरावी, गाडीखाली वाकून सायलेन्सरला आणि रेडिएटरला अडकलेले कुसळ हाताने काढावे, आणि मग ज्याच्याकडे कागद ठेवला आहे त्याला फोन करून शोध सुरू करू नका असे सांगावे.