मुलांचा सायकल ग्रुप चालवताय? या चुका टाळा

नागपुरात त्रिमूर्ती नगरकडच्या आमच्या लेआउटमधली (म्हणजे वस्तीतली) मुलं घेऊन आम्ही काही पालक दर रविवारी सकाळी सायकलवर निघतो, हे चौथं वर्ष. पहिल्या रविवारी बारा पोरं होती, तिसऱ्या रविवारी पाचच उरली. ती सात काऊन गेली हे शोधत बसलो तेव्हा बऱ्याच गोष्टी कळल्या, आणि आता आजूबाजूचे दोन-तीन लेआउटवाले पण असंच काही सुरू करायचं म्हणून राहिले तर म्हटलं नीट लिहूनच काढावं.

सगळ्यात मोठी चूक, पुढच्या पोरांच्या वेगाने ग्रुप नेणं

पहिल्याच दिवशी आम्ही थेट फुटाळा तलावाला निघालो. पुढे दहावीतले दोघं, गिअरच्या सायकली, सुसाट. मधे बाकी सगळे, आणि शेवटी सहावीतला एक मुलगा, मोठ्या भावाची जुनी काळी सायकल घेऊन. रवी नगर चौकात सिग्नल लागला, पुढचे निघून गेले आणि तो अलीकडे राहिला, आम्हाला पत्ताच नाही. तलावावर पोहोचून डोकी मोजली तर एक कमी. परत गेलो तर हा फुटपाथच्या कडेला हँडल घट्ट धरून उभा, रडत नव्हता पण वर बघतही नव्हता. म्हणाला, "काका, मी पुढच्या रविवारी नाही येत, माझ्यामुळे सगळ्यांना थांबावं लागते."

मूल सायकलवरून पडलं तर दोन दिवसात विसरते, पण "माझ्यामुळे सगळे थांबतात" हे विसरत नाही. आणि यातली एक बारीक गोष्ट मोठ्यांच्या लक्षातच येत नाही, पुढचे पाच मिनिटं थांबतात, पाणी पितात, गप्पा मारतात, मागचा धापा टाकत पोहोचला की कोणीतरी म्हणते "चला आला, निघू या", म्हणजे ज्याला आरामाची सगळ्यात जास्त गरज त्यालाच आराम शून्य. तो पुढच्या टप्प्यात आणखी मागे पडतो आणि घरी जाऊन सायकल जिन्याखाली लावून टाकतो.

आता आमच्याकडे सगळ्यात हळू चालवणारं मूल पायलटच्या, म्हणजे सगळ्यात पुढे चालवणाऱ्याच्या, बरोबर मागे असते आणि पायलट मोठं माणूस असते, वेग तो ठरवतो. शेवटी दुसरं मोठं माणूस, गळ्यात शिट्टी, पाठीवरच्या बॅगेत पंप, ट्यूब आणि पाने, त्याने कोणालाच आपल्या मागे राहू द्यायचं नाही. पाच-सहा मुलांमागे एक मोठा असावाच, नसेल तर त्या रविवारी मैदानावरच खेळा. आणि कुठेही थांबलात तर शेवटचा पोहोचल्यापासून पाच मिनिटं मोजायची.

वळणांसाठी एक युक्ती फार कामी आली. वळण आलं की पायलटच्या मागचं मूल तिथे कडेला थांबते, हात लांब करून दिशा दाखवते, आणि शेपटीचा माणूस आला की त्याच्यासोबत निघते, पुढच्या वळणावर दुसरं मूल. म्हणजे कोणी चुकतही नाही आणि प्रत्येकाच्या वाट्याला एक चौक येतो. (गर्दीचे मोठे चौक मात्र मोठ्यांनीच सांभाळायचे, हे काम आतल्या रस्त्यांवरच द्या.) त्या सहावीतल्या मुलाला समजावून परत आणलं तेव्हा पहिलं वळण त्यालाच दिलं. एक पाय पायडलवर, एक जमिनीवर, डावा हात पूर्ण ताणलेला, आणि "डावीकडे, डावीकडे, खड्डा आहे सांभाळून" असा ओरडत होता की समोरच्या घरातल्या आजी गेटवर आल्या. दहावीतल्या त्या दोघांना पण त्याने तसंच सांगितलं आणि त्यांनी गुपचूप ऐकलं.

वाढत्या अंगाची सायकल

शाळेचा युनिफॉर्म दोन बोटं मोठा घेतो तशी आपण सायकलही मोठी घेतो, दोन वर्षं चालेल म्हणून. युनिफॉर्म मोठा झाला तर पडत नाही कोणी, सायकलवरून पडते. मुलाचे पाय टेकत नसतील तर ते थांबायलाच घाबरते, आणि थांबायला घाबरणारं मूल ब्रेक उशिरा लावते, तिथून सगळी भीती सुरू होते. साधारण सहा ते नऊ वयाला २० इंची चाक, नऊ ते बाराला २४, त्यापुढे २६, पण वयापेक्षा उंची बघा, दुकानात मुलाला सोबत न्या आणि सीट आणि हँडलमधल्या नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं करा, दोन्ही तळवे जमिनीला टेकून नळी टोचायला नको.

सीटची उंची साध्या पद्धतीने बघता येते. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवायची, पायडल सगळ्यात खाली, पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना पंजा पायडलवर आला की गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहते. शिकणाऱ्याची सीट मात्र याहून खाली. दोन शॉकअपवाली, जाड टायरची जड सायकल बघायला भारी वाटते, पण सातवीच्या पोराने ती सेमिनरी हिल्सच्या चढावर ढकलून बघावी म्हणजे कळते.

मागून सीट धरून धावणं

आपण सगळे असेच शिकलो, नाहीतर कैची मारत, त्यामुळे हे चूक आहे हे पटायला मलाही वेळ लागला. पण मागून धरलं की तोल धरणारा सांभाळतो, मूल नाही. बाजूच्या दोन छोट्या चाकांचं पण तेच, त्यावर पायडल मारायला येते, तोल येत नाही. त्यापेक्षा दोन्ही पायडल काढून टाका, सीट एवढी खाली करा की दोन्ही पाय पूर्ण टेकतील, आणि मुलाला पायाने ढकलत ढकलत मैदानात फिरू द्या. आधी चालते, मग धावते, मग आपोआप पाय उचलून तरंगते. दोन-तीन सेकंद तोल राहायला लागला की पायडल परत लावा. बऱ्याच जणांचा इथे एक घोळ होतो, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते सोडवताना पाना नेहमीच्या उलट दिशेने फिरवावा लागतो, नाहीतर सोडवतो सोडवतो म्हणत आणखी घट्ट करून बसाल.

आमच्याकडे सातवीतली एक मुलगी होती, मैत्रिणींना सगळ्यांना येते आणि हिला नाही म्हणून गच्चीवरून बघत बसायची. तिला भल्या सकाळी साडेपाचला बोलावलं, मैदानावर कोणी नसताना, पायडल काढलेली सायकल दिली आणि तिची आई आणि मी दूर जाऊन कठड्यावर बसलो. तिसऱ्या सकाळी तिने स्वतःच पाना मागितला. मोठ्या मुलांना शिकवताना ही लाज सांभाळणं हेच अर्धं काम आहे बाप्पा, चार जणांसमोर "अगं सोप्पं आहे" म्हणू नका.

चालवता येते म्हणजे रस्त्यावर येता येते असं समजणं

रस्त्यावर नेण्याआधी मैदानात चार गोष्टी पक्क्या पाहिजेत. मागे वळून बघताना सायकल सरळ राहणे, एक हात सोडून हात दाखवणे, दोन्ही ब्रेक सोबत लावून ठरल्या जागी थांबणे, आणि अगदी हळू चालवणे. मागे वळून बघायचा सराव असा, मी मागे उभा राहून बोटं दाखवतो, मुलाने चुन्याच्या रेघेवर चालवत चालवत किती बोटं ते सांगायचं. पुढचा ब्रेक कोणत्या हाताला हे प्रत्येकाने स्वतःच्या सायकलवर बघायचं, उतारावर एकटा पुढचा ब्रेक करकचून दाबला की मूल हँडलवरून पुढे जाते. आणि हळू चालवायला शिकवायला आपली शाळेच्या स्नेहसंमेलनातली स्लो सायकल स्पर्धा आहेच, शेवटी पोहोचेल तो जिंकला. यात दहावीतले सुसाटवाले पहिल्या दहा फुटांत पाय टेकतात आणि चौथीतली पोरगी जिंकते, सगळा ग्रुप तिच्या नावाने ओरडतो.

नागपूरचं खास सांगायचं तर सिमेंटचे रस्ते. दोन स्लॅबमधली लांबच लांब फट, किंवा सिमेंट आणि कडेच्या गट्टूमधला (फरशीसारख्या ब्लॉकमधला) उंचसखल भाग, यात बारीक टायर गेलं की चाक वळतच नाही आणि मूल आडवं. फट ओलांडायची असेल तर तिरकं जायचं नाही, जमेल तेवढं काटकोनात, रेल्वेचे रूळ ओलांडतो तसं. उभ्या कारपासून एक दार उघडेल एवढं अंतर ठेवायचं. सायकलचा पट्टा रंगवलाय म्हणून निर्धास्त राहू नका. २०२१ मध्ये केंद्राच्या सायकल्स फॉर चेंज चॅलेंजमध्ये निवडलेल्या ११ शहरांत आपलं नागपूर होतं हे अभिमानाचंच आहे, पण पट्ट्यावर गाडी उभी असली की मुलाला वाहत्या रस्त्यात यावं लागते आणि तेव्हा ते मागे वळून बघणंच कामी येते.

हेल्मेट मागे सरकवून टोपीसारखं घालतात, कपाळ उघडं. भुवयांच्या वर दोन बोटं, हनुवटीखाली पट्ट्यात एखाद-दोन बोटं जातील एवढंच सैल, आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी बदलायचं, आतला थर्माकोलसारखा थर दबलेला असते.

जूनमध्ये रॅली, मग वर्षभर काही नाही

३ जून जागतिक सायकल दिवस, २०१८ पासून. जगासाठी छान तारीख असेल, आपल्याकडे नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, नुकताच उतरलेला असते, पाऊस आलेला नसते, म्हणून तर विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. त्या दिवशी टी-शर्ट वाटून, भाषणं होईपर्यंत नऊ वाजेस्तोवर मुलांना उन्हात उभं ठेवणं मला पटत नाही. नवीन ग्रुप सुरू करायचा तर दिवाळीनंतर करा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात साडेपाचला निघून सातच्या आत घरी. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी, तहान लागो न लागो. मूल असंबद्ध बोलायला लागलं, उलटी झाली, अंग तापून कोरडं पडलं तर सावलीत न्या, कपडे ओले करा, वारा घाला आणि सरळ दवाखान्यात, घरी जाऊन बघू म्हणू नका. मेडलचे पैसे वाचवून ओआरएस आणि शेवटी सगळ्यांसोबत तर्री पोहा, मुलं त्यासाठी जास्त येतात.

किलोमीटर मोजण्याचं पण असंच. आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ ला रेस अक्रॉस अमेरिका एकट्याने पूर्ण केली, २०१८ ला रशियात मॉस्को ते व्लादिवोस्तोक ९००० किलोमीटरच्या वर चालवली, मुलांना हे जरूर सांगा. पण मग पाचवीतल्या मुलाच्या ८ किलोमीटरची यादी लावून शेजाऱ्याच्या २२ शी तुलना करू नका. आम्ही ग्रुपवर आकडे टाकणं बंद केलं, फक्त कोण कोण आलं ते लिहितो.

पंक्चर काकांनी काढायचं

मुलाला ग्रुप आपला वाटायला लागते तो हात काळे झाले की. महिन्यातून एक रविवार आम्ही कुठेच जात नाही, पार्किंगमध्ये सायकली उलट्या टाकतो. टबमध्ये पाणी, ट्यूब फुगवून बुडवायची, बुडबुडे आले तिथे पेनाने खूण, पुसून कोरडं करायचं, कानशीने घासायचं, सोल्यूशन लावून ते सुकू द्यायचं (सगळे घाई करतात ती इथेच, ओल्यावर चिकटवलं की ठिगळ निघतेच), मग दाबायचं. आणि टायरच्या आतून बोट हळूच फिरवून काटा शोधायचा, नाहीतर तोच काटा दुसरं पंक्चर करते. पहिल्यांदा एका पंक्चरला तासभर लागेल, लागू द्या, मधे हात घालू नका.

सायकल नसलेल्या मुलांसाठी पण हेच दार आहे. प्रत्येक अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये दोन-चार सायकली धूळ खात असतात, त्या मागून आणा, ज्याला सायकल हवी त्याने चार-सहा रविवार बसून ती स्वतः दुरुस्त करायची आणि घरी न्यायची. फुकट वाटली की ते मूल चारचौघांत अवघडते, स्वतः उभी केलेली सायकल कोणी दिली असं वाटत नाही.

मुली आठवीनंतर येत नाहीत तर

त्यांना विचारा, अंदाज बांधू नका. आमच्याकडे कारणं निघाली ती अशी, थांबतो तिथे बाथरूम नाही, सोबत एकही बाई नाही, आणि रविवारी सकाळी घरातलं काम. तिन्हीवर उपाय निघाला. थांबा बाग किंवा पेट्रोल पंपाजवळ ठेवला, दोन आया स्वतः सायकल शिकल्या आणि त्यातली एक आता शेपटीला असते, आणि तिसऱ्यासाठी घरी जाऊन बोलावं लागलं, ते बोलणं सोपं नव्हतं. ओढणी कमरेला गाठ मारून बांधायची आणि चेनकव्हर असलेलीच सायकल, यावर तडजोड नाही.

छोट्या तक्रारी

चेन सारखी उतरते: बहुतेक वेळा ढिली असते, मागचं चाक थोडं मागे ओढून सरळ बसवून कसा, तरीही उतरली तर दाते झिजलेत. हवा रोज जाते पण पंक्चर सापडत नाही: जुन्या पद्धतीच्या व्हॉल्वची रबरी नळी बदला, काही रुपयांची असते. ब्रेक लागतो पण सायकल थांबत नाही: रिमवर तेल उडालंय का बघा, चेनला तेल घालताना हमखास उडते. पायडल जड: आधी हवा बघा, किती हवी ते टायरच्या कडेवरच छापलेलं असते. एक-दोन मुलं अचानक यायची बंद झाली: मेसेज करू नका, संध्याकाळी घरी जा, आणि सायकल कुठे लावलीय ते बघा, अर्ध्या वेळा ती नुसती पंक्चर असते आणि सांगायला कोणी मोकळं नसते.