डीबगरच्या वॉर्निंग एका फंक्शनमध्ये आणताना

आमचा एक छोटा डीबगर (दुसरा प्रोग्राम थांबवून आतून तपासायचं टूल) आहे, सी मध्ये लिहिलेला, लिनक्सवर पीट्रेसच्या (दुसऱ्या प्रोसेसची मेमरी वाचू देणारा सिस्टिम कॉल) जोरावर चालतो, आणि त्यात वॉर्निंग दाखवायची प्रत्येक फाईलची तऱ्हा वेगळी होती. कुठे एफप्रिंटएफने स्टँडर्ड एररवर (एररसाठीची वेगळी आउटपुट वाट), कुठे सरळ प्रिंटएफ, कुठे पुढे 'वॉर्निंग' लिहिलेलं तर कुठे काहीच नाही. जुलैत दोन दिवस पाणी भरलं, चेंबूरहून ऑफिसला जायचा प्रश्नच नव्हता, तेव्हा हे काम हातात घेतलं.

आधी कोडला हात लावू नका. डीबगर मुद्दाम चुकीच्या इनपुटवर चालवा, म्हणजे सिम्बॉल (फंक्शन-व्हेरिएबलची नावं) नसलेली बायनरी, नसलेली लायब्ररी, चुकीचा अ‍ॅड्रेस, आणि आउटपुट फाईलमध्ये साठवून ठेवा. पुढे प्रत्येक कमिटनंतर, म्हणजे साठवलेल्या प्रत्येक बदलानंतर, डिफ मारायचा, म्हणजे फरक बघायचा, तो याच्याशी.

मग एक फंक्शन लिहा जे फॉरमॅट आणि पुढची कितीही आर्ग्युमेंट घेऊन, त्यांची व्हीए-लिस्ट करून व्हीएफप्रिंटएफला देईल, सुरुवातीचा 'वॉर्निंग' शब्द आणि शेवटची नवी ओळ स्वतःच टाकेल. त्याला जीसीसी कंपायलरचं फॉरमॅट अ‍ॅट्रिब्यूट नक्की लावा, नाहीतर कंपायलर आर्ग्युमेंट तपासणार नाही. आमच्याकडे ते लावल्याबरोबर चार ठिकाणी ६४ बिटचा अ‍ॅड्रेस टक्का-एक्सने (३२ बिटच छापणारा फॉरमॅट) छापलेला सापडला, म्हणजे इतके दिवस आम्ही अर्धाच अ‍ॅड्रेस बघत होतो!

या फंक्शनमध्ये शिरल्याशिरल्या एररनो (शेवटच्या एररचा नंबर ठेवणारं व्हेरिएबल) बाजूला ठेवा आणि निघताना परत जागेवर ठेवा. पीट्रेसने मेमरी वाचली की उणे एक ही एररची खूण, पण तो खरा डेटा पण असू शकतो, म्हणून आधी एररनो शून्य करून नंतर तपासावा लागतो, आणि मध्येच कुणी वॉर्निंग छापली आणि छापताना एररनो बदलला तर व्यवस्थित वाचलेली मेमरी पण फेल दिसते. हा बग शोधायला माझी आख्खी संध्याकाळ गेली.

छापण्याआधी स्टँडर्ड आउटपुट फ्लश करा, म्हणजे बफरमध्ये साठलेलं लगेच बाहेर लिहा. स्टँडर्ड एरर बफर होत नाही, पण आउटपुट पाईपमध्ये किंवा फाईलमध्ये जात असेल तर ते पूर्ण बफर होतं, त्यामुळे लॉगमध्ये वॉर्निंग आधी आणि ती ज्या कमांडमुळे आली ती कमांड खाली दिसते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, टर्मिनल. ज्या प्रोग्रामला आपण डीबग करतोय तो स्वतःच्या वेगळ्या प्रोसेस ग्रुपमध्ये फोरग्राउंडला (टर्मिनल ज्याच्या ताब्यात तो) असेल तर आपला डीबगर बॅकग्राउंडला असतो. अशा वेळी टर्मिनलवर टीओस्टॉप (बॅकग्राउंडमधून छापणाऱ्याला थांबवणारी सेटिंग) चालू असेल आणि आपण काही छापलं तर सिगटीटीओयू हा सिग्नल येतो आणि डीबगर स्वतःच थांबून बसतो. शिवाय समोरचा प्रोग्राम एडिटरसारखा असेल, टर्मिनल रॉ मोडमध्ये (टर्मिनल स्वतः काहीच प्रक्रिया करत नाही असा मोड) टाकणारा, तर ओळी पायऱ्या-पायऱ्यांनी उजवीकडे सरकत जातात. म्हणून छापायच्या आधी आपली टर्मिनल सेटिंग परत लावायची आणि टर्मिनल आपल्या ताब्यात घ्यायचं. मात्र टर्मिनल ताब्यात घ्यायचं टीसीसेटपीजीआरपी फंक्शन बॅकग्राउंडमधून कॉल केलं की तोच सिग्नल येतो, तेव्हा तो आधी ब्लॉक करा. जीडीबी हा प्रसिद्ध डीबगर आता सी प्लस प्लसमध्ये गेला असला तरी वॉर्निंगआधी टर्मिनल ताब्यात घ्यायची त्याची सवय सी च्या काळापासूनची आहे, तो कोड वाचाच. फंक्शन एकच असल्यामुळे ही काळजी एकदाच घ्यावी लागते, आणि माझ्या मते एवढ्या एका कारणासाठी सुद्धा हा सगळा खटाटोप करावा.

नंतर ग्रेप करून (फाईलींमध्ये जुने कॉल शोधून) एकेक फाईल बदला. जुन्या मेसेजच्या शेवटची नवी ओळ काढायला विसरू नका, नाहीतर मध्ये रिकाम्या ओळी येतील. वापरणाऱ्याने दिलेलं नाव थेट फॉरमॅटच्या जागी देऊ नका, टक्का-एस (स्ट्रिंग छापायचा फॉरमॅट) लावूनच द्या. काही वॉर्निंग तुकड्यातुकड्यांनी लिहिलेल्या असतात, आधी अर्धं वाक्य आणि मग लूपमध्ये न सापडलेल्या लायब्ररींची नावं, त्या ग्रेपमध्ये नीट दिसत नाहीत, तिथे आधी पूर्ण स्ट्रिंग बनवा मग एकदाच छापा. फक्त कॉल बदलणं एका कमिटमध्ये, मेसेजचे शब्द सुधारणं दुसऱ्यात, हे एकत्र केलं की रिव्ह्यू करणाऱ्याला काहीच कळत नाही.

आणि सिग्नल हँडलरमधून (सिग्नल आला की चालणारं फंक्शन) हे फंक्शन बोलवू नका, व्हीएफप्रिंटएफ तिथे सेफ नाही. हँडलरमध्ये नुसता फ्लॅग लावा, वॉर्निंग मेन लूपमध्ये आल्यावर छापा.