पॅच नाकारताना वाद टाळण्याची एक रीत

मुक्तस्रोत प्रकल्पात, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही पाहता-बदलता येतो अशा प्रकल्पात, कोणी पाठवलेला बदल (पॅच) नाकारला, की चर्चा अनेकदा कोडवरून माणसावर घसरते आणि काम अडून राहते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे जे तरुण अहिराणी शब्दसूची किंवा केळी-कापसाच्या बाजारभावाची साधने मिळून लिहितात, ते तर एखाद्या लग्नात समोरासमोर येण्याचीही शक्यता असते, म्हणून त्यांना ही रीत विशेष उपयोगी पडावी.

१. हरकत लिहिण्यापूर्वी समोरच्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा एका वाक्यात मांडावे आणि ‘असेच म्हणायचे आहे ना?’ असे विचारावे. बरेच वाद, माझ्या मते, इथेच मिटतात, कारण दोघे वेगवेगळ्याच गोष्टींबद्दल बोलत असतात.

२. त्यानंतर वाक्याचा कर्ता माणूस न ठेवता कोड ठेवावा: ‘तुम्ही नीट तपासले नाही’ असे न लिहिता ‘फाइलमध्ये रिकामी ओळ आली, की हे फंक्शन बंद पडते’ असे लिहावे आणि ते दाखवणारी छोटी चाचणी सोबत जोडावी. चाचणी जोडता येत नसेल, तर आपली हरकत म्हणजे केवळ आपली आवड आहे का, हे आधी पाहावे.

३. मोकळ्या जागा आणि कंसांचे वाद फॉरमॅटरवर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणाऱ्या साधनावर, सोपवावेत.

ही रीत मतभेदासाठी आहे, शिवीगाळीसाठी नाही. तसे घडल्यास उत्तर न देता प्रकल्पाच्या आचारसंहितेनुसार देखभालकर्त्यांना कळवावे. लिनक्स कर्नलनेही (लिनक्स या संगणकप्रणालीचा गाभा लिहिणाऱ्या प्रकल्पानेही) २०१८ मध्ये अशी आचारसंहिता स्वीकारली आहे.