एफएक्सओ गेटवे जोडताना: फील्डवर नव्याने येणाऱ्यांसाठी

ऑफिस फोन सिस्टीमच्या कामाला लागणारी मुलं हल्ली नेटवर्किंगचा कोर्स करूनच येतात. आयपी, सबनेट, व्हीलॅन सगळं तोंडपाठ. मग बीएसएनएलच्या चार जुन्या लँडलाइन नव्या आयपी सिस्टीमला जोडायचं काम येतं आणि तिथे गाडी अडते. या दोघांना जोडणारा डबा म्हणजे गेटवे. माझ्या मते गेटवेची बहुतेक दुखणी तांब्याच्या त्या दोन तारांकडची असतात, नेटवर्ककडची कमीच.

एफएक्सएस पोर्ट फोनला डायलटोन आणि रिंग पुरवतो, एफएक्सओ पोर्ट एक्स्चेंजकडून त्या घेतो. बाहेरून येणारी लाइन एफएक्सओलाच लागते. तरी ‘चार पोर्टचा गेटवे’ एवढीच ऑर्डर जाते आणि खोक्यातून एफएक्सएस निघतो, हे अजूनही घडतं. तसाच जोडून पाहू नका. दोन्हीकडून व्होल्टेज आल्यावर पोर्ट जळू शकतो.

साइटवर लॅपटॉप उघडण्याआधी साधा फोन थेट लाइनला लावून ऐका. खरखर असेल तर गेटवे ती काही बरी करणार नाही. रिसीव्हर ठेवलेला असताना मल्टिमीटरवर साधारण ४८ व्होल्ट डीसी दिसायला हवेत, उचलल्यावर ते दहाच्या आसपास उतरतात. रिंग मात्र ७५ ते ९० व्होल्ट एसीची असते, तेव्हा क्रोनवर, म्हणजे तारा दाबून बसवायच्या पट्टीवर, पेअर पंच करताना बोटं सांभाळा. लाइनच खराब निघाली तर आधी तक्रार नोंदवा. नाहीतर पुढचे सहा महिने खापर तुमच्या गेटवेवर फुटत राहील.

आयपीकडचं काम त्या मानाने सरळ. गेटवेला स्थिर आयपी द्या, अ‍ॅस्टरिस्कवर (एक्स्चेंजचं काम करणारं सॉफ्टवेअर) त्या आयपीचा ट्रंक, म्हणजे कॉल नेण्या-आणण्याची जोडणी, बनवा, आलेला कॉल कुठल्या एक्स्टेन्शनला जायचा ते गेटवेत भरा. कोडेक (आवाज डिजिटल करायची पद्धत) जी.७११ ए-लॉ ठेवा. हेडर धरून एका कॉलला एका दिशेने ८७ केबीपीएसच्या आसपास लागतात, लॅनवर त्याची काटकसर कशाला?

खरी परीक्षा फोन ठेवताना होते. बाहेरचा माणूस फोन ठेवतो, पण साध्या लाइनवर ‘कॉल संपला’ असा निरोप आपोआप येत नाही. एक्स्चेंज फक्त बिझी टोन वाजवतं. गेटवेला तो ओळखता आला नाही तर लाइन अडकून बसते आणि पुढच्या गिऱ्हाइकाला सतत एंगेज मिळते. व्हॉइसमेलमध्ये शेवटपर्यंत टूं-टूं रेकॉर्ड झालेलं सापडलं, की दुखणं हेच समजा. बऱ्याच गेटवेत मुळात अमेरिकन टोन भरलेला असतो: ४८० आणि ६२० हर्ट्झ एकत्र, अर्धा सेकंद चालू, अर्धा बंद. आपल्याकडचा बिझी टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद चालू, पाऊण बंद. कंजेशन टोनही (एक्स्चेंजकडे वाट मोकळी नसल्याचा) ४०० हर्ट्झचाच, पण पाव-पाव सेकंदाचा. दोन्ही भरा. लाइन फायबरच्या ओएनटीतून येत असेल तर टोन त्या डब्याच्या सेटिंगप्रमाणे वेगळा असू शकतो. अशा वेळी एक कॉल रेकॉर्ड करून ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि मोजून घ्या. एक्स्चेंज फोन ठेवताना पोलॅरिटी (तारांचं प्लस-मायनस) उलटवत असेल तर उत्तमच, गेटवेला त्यावरून कॉल संपल्याचं कळतं. लाइनमनला विचारा, त्याला ठाऊक असतं.

कॉल करणाऱ्याचा नंबर दिसत नसेल तर गेटवेत नंबर ओळखायची पद्धत एफएसकेऐवजी डीटीएमएफ (बटणं दाबल्यावर येतात ते टोन) करून पाहा. आपल्याकडच्या जुन्या लाइनवर बहुधा पोलॅरिटी उलटते आणि पहिल्या रिंगच्या आधी डीटीएमएफमध्ये नंबर येतो. अ‍ॅस्टरिस्कमध्ये यासाठी ‘पोलॅरिटी_आयएन’ अशी भारतासाठीची वेगळी सेटिंगच आहे. घुमल्यासारखा आवाज आला तर इम्पीडन्स (लाइनचा विद्युत अडथळा) तपासा आणि गेन (आवाजाची पातळी) कमी करा. सगळे वाढवतात, तिथेच चुकतं.

वळवाच्या पावसाआधी एमडीएफवर (बाहेरच्या तारा येतात त्या चौकटीवर) जीडीटी प्रोटेक्टर (जादा व्होल्टेज जमिनीत सोडणारा) आणि नीट अर्थिंग आहे ना, ते बघाच. विजेने पोर्ट जातात, आणि प्रोटेक्टर त्यापुढे फारच स्वस्त पडतो.

राउटरवर ५०६० पोर्ट (कॉल जोडणाऱ्या एसआयपीचा) बाहेरच्या जगाला उघडून ठेवू नका. स्कॅनर लगेच येऊन धडकतात, आणि पासवर्ड कच्चा असला तर रात्रीत परदेशी कॉलचं बिल चढतं. परदेशातून इंटरनेटवर आलेले कॉल गेटवेतून इथल्या लाइनवर सोडायचं काम कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा. ते बेकायदा एक्स्चेंज ठरतं, आणि धाड पडली की जोडून देणाऱ्यालाही जाब द्यावा लागतो.

सरावाला घरी लँडलाइन हवीच असं नाही. ग्रँडस्ट्रीम एचटी८१३मध्ये एक एफएक्सएस आणि एक एफएक्सओ पोर्ट असतो. आरजे-११च्या कॉर्डने एक दुसऱ्याला जोडा, जुन्या पीसीवर अ‍ॅस्टरिस्क टाका, की घरातच एक्स्चेंज तयार. मग एसएनग्रेप (कॉलचे मेसेज दाखवणारं टूल) उघडून कॉल लावा, एका बाजूने फोन ठेवा आणि दुसऱ्या बाजूला कॉल संपल्याचा बाय मेसेज किती वेळाने जातो ते बघा. तो जातच नसेल, तर गेटवेतलं टोनच्या सेटिंगचं पान पुन्हा उघडा.