ऑफिसात रस्त्याचा आवाज येतोय? काचेवर पैसे घालायच्या आधी या चुका टाळा

कोल्हापुरात राजारामपुरीत, स्टेशन रोडला नाहीतर दसरा चौकाकडं गाळा घेतला की रिक्षा, केएमटीच्या बस, बुलेटचे सायलेन्सर हे सगळं आत येणारच, आणि मग पहिला फोन जातो काचवाल्याला, की डबल ग्लासचं कोटेशन द्या. इथंच गंडतंय.

आवाज हवेच्या वाटेनं येतो. पाच फूट बाय चार फूट खिडकी धरा आणि चारी बाजूनं फक्त 3 एमएम फट धरा, हिशोब केला तर ती फट खिडकीच्या जवळपास एक टक्का होते. आणि एक टक्का जागा उघडी असली की काच कितीही भारी बसवा, ती खिडकी 20 डेसिबलच्या आसपासच आवाज अडवणार, पुढं नाही. आता सरकारी नियम बघा, 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमात कमर्शियल भागाला दिवसा 65 डेसिबल मर्यादा आहे, डॉक्टरच्या नाहीतर सीएच्या केबिनमध्ये शांत बोलायला 40 च्या आसपास पाहिजे, म्हणजे रस्त्यानं नियम पाळला तरी 25 कमी करायचेत, आणि रस्ता नियम पाळतोय का ते तुम्हीच सांगा.

म्हणून स्लायडिंग खिडकी हीच मोठी चूक. जागा वाचते, स्वस्त पडते, पण झडप सरकायची म्हणजे ती सैल ठेवावीच लागते, आणि फटीत लावलेल्या ब्रशच्या लोकरीनं धूळ थांबंल, आवाज नाही. दारासारखी उघडणारी, रबराचं गॅस्केट असलेली आणि दोन-तीन ठिकाणी लॉक होऊन आवळली जाणारी खिडकी घ्या. चौकट यूपीव्हीसीची (कडक प्लॅस्टिकची) का अॅल्युमिनियमची यावर लोक तासभर भांडतात, पण खरा फरक आवळण्यात आहे. चौकट आणि भिंतीमधली पोकळी पण बघा, बरेच जण वरनं सिलिकॉनची रेघ ओढतात आणि आत सगळं पोकळच. जुलैच्या पावसात जिथनं पाणी झिरपतंय तिथं आधी हात घाला, आवाजाची वाट बहुतेक तीच असते.

फटी बुजल्या की मग काच. दोन सारख्या जाडीच्या काचा आणि मधे 12 एमएम हवा, ही नेहमीची डबल ग्लास मुळात उष्णतेसाठी आहे, आवाजाला साध्या काचेपेक्षा फार मोठा फरक पडत नाही. दोन काचांची जाडी वेगवेगळी ठेवा, एक तरी लॅमिनेटेड, म्हणजे दोन थरांमधे प्लॅस्टिकची फिल्म असलेली घ्या. भिंत जाड असेल तर जुनी खिडकी तशीच ठेवून आतनं चार इंच सोडून दुसरी खिडकी बसवा, हा उपाय सगळ्यात दणकट आणि तरी कुणी सुचवत नाही.

दार. पोकळ फ्लश डोअर आणि खाली बोटभर फट, मग भिंत नऊ इंची असून उपयोग काय? भरीव दार, चौकटीला रबर, खाली दार लागलं की उतरणारी सीलपट्टी.

भिंतीला काळा फोम चिकटवणं हा तर वेगळाच नाद. फोम आतला घुमणारा आवाज कमी करतो, बाहेरचा अडवत नाही, आणि साधा फोम पटकन पेट घेतो. आवाज अडवायला वजन लागतं.

दोन केबिनमधली कुजबुज ऐकू येत असेल तर फॉल्स सीलिंगच्या वर बॅटरी मारून बघा. जिप्समची पार्टिशन सीलिंगपाशीच थांबवलेली असते आणि वरनं सगळं मोकळं रान. ती स्लॅबला भिडवा, आत रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर) भरा, एसीच्या पाइपची भोकं बुजवा, आणि दोन्हीकडचे स्विचबोर्ड पाठीला पाठ लावून बसवू देऊ नका.

उद्यमनगरातल्या कारखान्यातल्या प्रेस मशीनचा ठोका नाहीतर मिरवणुकीतला बेस मात्र असल्या कामानं पूर्ण जाणार नाही, तो जमिनीतनं आणि भिंतीतनं येतो, कुणी फॅब्रिकेटर गॅरंटी देत असेल तर ऐकून सोडून द्या. आणि सगळं बंद करताना ताज्या हवेची सोय आधी ठरवा, नाहीतर दुपारी स्टाफच खिडकी उघडून बसतोय.