कारांद्याचा वेल उलटा चढला तेव्हा

लिनोकट म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर, म्हणजे ब्लॉकवर, चित्र कोरून शाईनं त्याचा छाप काढणं. ते शिकायला सुरुवात करणारे आधी विचारतात, हत्यारं कुठली घेऊ? दोन-तीन गाउज (कोरायच्या खोलगट पटाशा), एक रोलर, काळी शाई, एवढ्यावर भागतं. छपाईचा प्रेस नसला तर कागदावर चमच्याची पाठ घासूनही छान छाप येतो. त्याआधी एक झाड निवडा आणि अख्खा पावसाळा तेवढंच काढा.

मी आमच्या परसातला कारांदा निवडला, वेलावरच कंद धरणारा. जूनमध्ये कुंपणाशी कोंब आला, तेव्हापासून रोज सकाळी अर्धा तास पेन्सिल घेऊन त्याच्यासमोर बसायचे. पहिला आठवडा हात सवयीचंच पान काढत राहिला, पिंपळाचं काय नि कारांद्याचं काय, सारखंच. बऱ्याच दिवसांनी दिसलं की याच्या मुख्य शिरा देठाशीच फुटतात, कमानीसारख्या वाकत टोकाकडे जातात आणि मधल्या बारीक आडव्या शिरांची शिडी होते. लिनोवर हे फार महत्त्वाचं. जे कोरलं ते पांढरं राहणार, आणि कोरलेलं परत भरता येत नाही. शिडीतली कुठली पायरी ठेवायची, कुठली सोडायची, ते गाउज टेकवण्याआधी माहीत असावं लागतं.

पानाच्या बेचक्यांत कारांदे, म्हणजे ते कंद, धरले तेव्हा मला राहवलं नाही. रेखाटनं बाजूला ठेवली आणि वेलाकडे बघत थेट ब्लॉकवर काढून कोरलं. पहिला प्रूफ, म्हणजे चाचणीचा छाप, सुंदर आला. तो घेऊन मी कुंपणाशी गेले, वेलाशेजारी धरला आणि गप्पच झाले. वेल उलट्या दिशेने चढला होता! कारांदा आणि कोनफळ एकाच कुळातले, पण त्यांचे वेल परस्परविरुद्ध दिशांना वळतात. माझ्या कागदावर कंद कारांद्याचे होते आणि वळण कोनफळाचं.

छाप आरशासारखा उलटतो हे मला ठाऊक होतं. पान उलटलं तरी पानच दिसतं, म्हणून ते अंगात भिनलं नव्हतं. डच चित्रकार रेम्ब्रांटनं 1650 मध्ये शंखाचं एचिंग केलं, म्हणजे धातूच्या पत्र्यावर ॲसिडनं रेषा खोदून छापलेलं चित्र. सही उलटी कोरली, ती छापात सुलट आली. शंख मात्र समोर दिसला तसाच कोरला, म्हणून छापात त्याचा पीळ डावा झाला. एवढ्या बारकाईनं पाहणाऱ्या माणसाच्या हातून हे झालं, हे वाचून मला धीर आला.

तेव्हापासून मी रेखाटन ट्रेसिंग पेपरवर घेते, पेपर पालथा करून ब्लॉकवर उतरवते, आणि कोरताना मूळ रेखाटनासमोर आरसा ठेवते. आरशातलं आणि ब्लॉकवरचं जुळलं की हात निर्धास्त चालतो. वेल, शंख, गोगलगाय, जिथे पीळ आहे तिथे हे कराच.

रीतसर शिकायचं असेल तर मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, बडोद्याची फाइन आर्ट्स फॅकल्टी आणि शांतिनिकेतनचं कलाभवन आहे. तिथे प्रेस मिळतो, ॲसिडचं काम सुरक्षितपणे शिकता येतं, आणि चांगला प्रूफ कुठला हे ओळखणारी माणसं भेटतात. प्रवेशाला जाताना एकाच झाडाची पन्नास रेखाटनं न्या. माझ्या मते पन्नास झाडांच्या एकेका चित्रापेक्षा ती जास्त बोलतात.

यंदा कारांद्याशेजारी कोनफळ लावलंय. दोन्ही वेल एकाच ब्लॉकवर घ्यायचेत. कोनफळाच्या खोडाला चार पातळ पंख असतात. त्यांची कड कुठल्या गाउजनं निघेल, हे अजून पाहतेय.